एका मास्तराचा भागाकार

दिवाळीच्या अंकात विजेच्या गणिताचे पुराण कशाला, असे काही वाचक म्हणतील. पुढ्यात फराळाचे ताट असताना गणिताची वही कोणी उघडीत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु वर्षातले हे चार दिवस असे, की आकाशकंदिलापासून तुळशीवृंदावनापर्यंत विजेचा जेवढा पसारा आपण या दिवसांत मांडतो, तेवढा एरवी मांडीत नाही. पणतीच्या काळी तेल किती घालावयाचे आणि वात केवढी वळावयाची, याचा हिशेब घरच्या आजीला तोंडपाठ असे. विजेच्या दिव्याचे तेल कोणते आणि वात कोणती, हे मात्र शिकल्यासवरल्या माणसालाही पुष्कळदा सांगता येत नाही. ते सांगणारा एक नियम आहे. नियम लहान, पण त्याचा इतिहास मोठा. त्या इतिहासाचे एक टोक जर्मनीतल्या एका शाळेत आहे आणि दुसरे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, भोगावतीच्या काठी आहे.

आधी नियम काय तो पाहू. नदीवरून उसाला पाणी आणणाऱ्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पाणी किती उंचीवरून येते, त्यावर त्याचा दाब ठरतो. पाइप जितका अरुंद आणि जितका लांब, तितका तो पाण्याला अडवितो. या दोहोंवरून शेवटी शेतात किती पाणी पडेल ते ठरते. विजेचेही असेच आहे. तिचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये, आणि तारेचा अडथळा, म्हणजेच रोध, ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध निघतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती निघते, ती वॅटमध्ये. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढीच ही विद्या!

उदाहरणच घ्यावयाचे तर आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट आहे आणि एक शेगडी ५ अँपिअर प्रवाह घेते असे समजू. २३० भागिले ५, म्हणजे ४६ ओहम हा त्या शेगडीच्या तारेचा रोध. २३० गुणिले ५, म्हणजे १,१५० वॅट ही तिची शक्ती. ती तासभर पेटती ठेवली तर सव्वा युनिटाच्या जवळपास वीज खर्ची पडेल. वीजबिलात जे ‘युनिट’ येते ते म्हणजे हजार वॅट एक तास. पणतीतल्या तेलाचा हिशेब याहून सोपा होता, असे मला वाटत नाही.

हा सोपा हिशेब माणसाच्या हाती लागायला मात्र फार यातायात पडली. त्याची पहिली चाहूल लागली ती हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज गृहस्थाला. हा सरदार घराण्यातला, गडगंज श्रीमंत, आणि इतका बुजरा की माणसांच्या वाऱ्याला उभा राहावयाचा नाही. १७८१ च्या सुमारास तो मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्यांतून वीज सोडून पाहत होता. प्रवाह मोजण्याचे यंत्र त्या काळी अस्तित्वातच नव्हते. मग त्याने काय करावे? स्वतःचे शरीरच त्याने यंत्र केले. एका नळीतून येणारा झटका अंगावर घ्यावयाचा, मग दुसरीतून येणारा घ्यावयाचा, आणि कोणता अधिक जोराचा हे मनाशी ठरवावयाचे! या अघोरी पद्धतीने त्याने काढलेले निष्कर्ष पुढच्या शतकातल्या नियमाच्या अगदी जवळ येतात. पण गृहस्थाने ते छापलेच नाहीत. १८१० मध्ये तो वारला आणि त्याची टिपणे तशीच कागदांत राहिली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने ती शोधून, तपासून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर जवळजवळ शंभर वर्षे लोटली होती. ज्ञान पेटीत कुलूपबंद राहिले, तर ते असून नसल्यासारखेच!

जगाला हा नियम ज्याच्यामुळे मिळाला तो जॉर्ज सायमन ओहम हा कुलपे करणाऱ्या लोहाराचाच मुलगा. त्याचा जन्म १७८९ मध्ये एर्लांगेन या जर्मन गावी झाला. बाप शाळेत फारसा गेलेला नव्हता. पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकला आणि मुलांनाही त्याने ते घरी शिकविले. पुढे ओहम विद्यापीठात गेला, तो तिथे नाच, बिलियर्ड आणि बर्फावरून घसरण्याचे खेळ यांत रमला. बापाने संतापून त्याला विद्यापीठातून काढले आणि तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत मास्तरकीवर रुजू झाला. ही मास्तरकी त्याच्या पाठीशी लागली ती जन्मभर. १८१७ मध्ये तो कलोन शहरातल्या एका जुन्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. शाळेची प्रयोगशाळा बरी होती. दिवसा मुले आणि उरल्या वेळात तारा, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्याचा पहिला लेख १८२५ मध्ये आला आणि त्यातले सूत्र चुकले. दोष बराचसा व्होल्टाच्या विद्युत्-घटाचा होता. तो घट चालता चालता मलूल पडे. दाबच स्थिर नसेल तर प्रवाहाचे माप कशाशी ताडावयाचे? तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला एक युक्ती सुचविली. सीबेक या शास्त्रज्ञाने चारच वर्षांपूर्वी दाखविले होते, की दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांपैकी एक तापविला आणि दुसरा थंड ठेवला तर तारेतून वीज वाहू लागते. ओहमने तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे घेतले. एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दाब तसूभरही हालत नाही. असा पक्का, गरिबाला परवडणारा दाब त्याने मिळविला.

मग त्याने तांब्याच्या सारख्या जाडीच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार जोडावयाची आणि वर टांगलेली चुंबकाची सुई किती वळते ते पाहावयाचे. तार लांब होत गेली तसा प्रवाह घटत गेला, आणि कोणत्या बेताने घटला हे त्या आठ आकड्यांनीच सांगितले. हे १८२६ साल. पुढच्याच वर्षी त्याने सारे गणित मांडून बर्लिनला पुस्तक छापले. त्यासाठी अर्ध्या पगारावर रजा घेतली होती, आणि पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याची आशा होती.

जागा मिळाली नाही. त्या वेळच्या जर्मनीत निसर्गाचे मर्म नुसत्या चिंतनाने उमगते असे मानणाऱ्या पंडितांचा दबदबा होता. एका शाळामास्तराने तारा मोजून सूत्र सांगावे, हे त्यांच्या पचनी पडले नाही. पुस्तकावर टीका झाली. ओहमने मानी स्वभावाला धरून कलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवणीवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तेव्हा कोठे त्याच्या देशबांधवांचे डोळे उघडले. म्यूनिकच्या विद्यापीठात तो प्राध्यापक झाला १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये वारला. ज्या खुर्चीसाठी जन्म घालविला तिच्यावर दोन वर्षे बसावयास मिळाले! मी स्वतः शाळेत शिकवितो, म्हणून हे वाक्य लिहिताना लेखणी क्षणभर थांबते.

भागाकार ओहमचा, तर गुणाकाराची वाट दाखविणारा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. हा मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, मद्य गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. प्राध्यापक नव्हेच. १८४० च्या सुमारास त्याने पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून, वीज सोडून, पाणी किती तापते ते उष्णतामापकाने पाहिले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला की नऊपट होते. म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, एवढी उष्णता. ओहमचा नियम हाताशी असला की, दाब गुणिले प्रवाह आणि ही रीत, दोन्ही एकच ठरतात. पुढे १८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली, आणि त्या उपेक्षित मास्तराचे नाव रोधाच्या मापाला कायमचे चिकटले.

याच सुमारास आमच्या कोल्हापुरात काय चालले होते? १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले होते. तेथे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) हे गृहस्थ विज्ञान शिकवीत. उच्च शिक्षण सारे इंग्रजीतून, विज्ञानाला मराठीत शब्ददेखील धड नाहीत. अशा काळात मोडकांनी मराठीतून विज्ञानाची पुस्तके लिहिण्याचा ध्यास घेतला. कोल्हापूर आणि कर्नाटक भागातील संस्थानांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. कॅव्हेंडिशने आपले ज्ञान पेटीत ठेवले. मोडकांनी दुसऱ्या भाषेच्या पेटीतले ज्ञान काढून आपल्या माणसांपुढे ठेवले. या दोन वृत्तींत कोणती मोठी, हे वाचकांनीच ठरवावे.

त्यानंतर आले शाहू महाराज. राधानगरी हे गाव त्यांनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या नावाने वसविले आणि त्याजवळ भोगावतीवर धरण बांधावयास घेतले. त्या जलाशयाला राणीसाहेबांचे नाव दिले – लक्ष्मी तलाव. केवढी ही झेप! परंतु पैशाची ओढाताण झाली, काम मध्येच थांबले आणि १९२२ मध्ये महाराज गेले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर, १९५० च्या दशकात, धरण पुरे झाले आणि त्याच्या पायथ्याशी वीजगृह उभे राहिले. १,२०० किलोवॅटचे चार संच, म्हणजे एकंदर ४,८०० किलोवॅट, ही त्या पहिल्या वीजगृहाची ताकद.

आता ओहमची वही राधानगरीच्या धरणावर उघडू. ही सारी वीज सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहराला आणावयाची आहे असे समजू. सोयीसाठी आकडे सुटसुटीत घेऊ आणि तारेच्या जोडीचा एकूण रोध ५ ओहम मानू. घरात चालते तशी २४० व्होल्टनेच ती पाठविली तर प्रवाह किती लागेल? ४८ लाख वॅट भागिले २४०, म्हणजे २०,००० अँपिअर. पण ५ ओहमच्या तारेतून २४० व्होल्टचा दाब ४८ अँपिअरहून अधिक प्रवाह ढकलूच शकत नाही. २४० भागिले ५ करून पाहा. म्हणजे धरण भरलेले, चाके फिरतात, आणि शहरात मात्र काजवाही चमकत नाही!

आता दाब शंभरपट, म्हणजे २४,००० व्होल्ट केला. प्रवाह शंभरावर एक, म्हणजे २०० अँपिअर पुरेल. तारेत वाया जाणारी उष्णता ज्यूलच्या रीतीने २०० चा वर्ग गुणिले ५, म्हणजे २०० किलोवॅट. ४,८०० पैकी २०० वाटेत सांडले, ४,६०० घरी आले. प्रत्यक्षात तारा तीन असतात आणि हिशेब जरा गुंतागुंतीचा असतो. पण मर्म हेच. दाब शंभरपट वाढविला की गळती दहा हजारपट घटते. म्हणून तर रानावनांतून जाणाऱ्या तारा उंच मनोऱ्यांवर टांगाव्या लागतात. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला नेली, ती १ लाख व्होल्टने नेली. मुंबईच्या गिरण्यांची चाके त्या विजेवर फिरली, यात सह्याद्रीच्या पावसाचा वाटा जेवढा, तेवढाच कलोनच्या त्या मास्तराचाही.

हे सारे थोरामोठ्यांचे झाले. आपला त्याच्याशी संबंध काय? तो संबंध माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला दाखविला. पोरगा पंचगंगेकाठच्या गावचा. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यातून घरच्या उसाला पाणी, त्यावर विजेची मोटार. ओहमचा नियम मी फळ्यावर लिहिला तसा तो उठून म्हणाला, “सर, हे खरं असंल तर आमची मोटार जळली कशी? वायरमन म्हणतोय, होल्टेज कमी आलं म्हणून जळली. कमी आल्यावर करंटबी कमीच जायाला पायजे की! जळायची तर जास्त आल्यावर जळंल!”

प्रश्न लाखमोलाचा होता. वर्ग हसला, पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. घरची मोटार जळणे म्हणजे काय हे हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होते. मी त्याला म्हटले, “अरे, दिव्याच्या बाबतीत तुझे अगदी बरोबर आहे. दाब घटला की दिवा कमी प्रवाह घेतो आणि मंद होतो, बिचारा तक्रार करीत नाही. शेगडीही तशीच. पण मोटारीपुढे पाणी चढविण्याचे काम उभे असते. मळ्याची उंची होल्टेज बघून कमी होते का?”

“न्हाई सर.”

“मग काम तेवढेच. काम तेवढेच तर दाब गुणिले प्रवाह हा गुणाकारही तेवढाच हवा. एक आकडा घटला की दुसऱ्याने वाढलेच पाहिजे.”

मग फळ्यावर आकडे मांडले. ४०० व्होल्टवर मोटार १० अँपिअर घेते. दाब ३२० झाला, म्हणजे एक-पंचमांश उतरला. गुणाकार ४,००० चाच राखावयाचा तर प्रवाह साडेबारा हवा. मोटारीच्या वेटोळ्याचा रोध तोच. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढणार. १० चा वर्ग १००, साडेबाराचा वर्ग १५६. दाब वीस टक्के पडला आणि वेटोळ्यातली आग दीडपटीच्याही वर गेली! मोटारीचा खरा हिशेब याहून थोडा बारीक आहे, तिचा वेगही दाब घटल्यावर जरा मंदावतो. पण ढोबळमानाने तिच्या जळण्याचे कारण हेच. मुलगा फळ्याकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, “म्हंजे होल्टेज बघून मगच चालू करायची.” या एका वाक्यात ओहम आणि ज्यूल दोघेही आले.

फ्यूजची गोष्टही याच कुळीतली. फ्यूजची तार मुद्दाम बारीक आणि लवकर वितळणारी ठेवलेली असते. प्रवाह वाजवीपेक्षा वाढला की ती आधी वितळावी आणि घर वाचावे, एवढ्यासाठीच तिचा जन्म. सणासुदीला माळा, कंदील, शेगडी, इस्त्री सारे एकदम लावले की फ्यूज उडतो. मग घरातला एखादा हुशार तिथे तांब्याची जाड तार घालतो आणि मिशीला पीळ देतो. फ्यूज आता उडत नाही हे खरे. पण भिंतीतली तार आता फ्यूज झाली, हे त्याच्या लक्षात येत नाही. लावलेल्या वस्तूंवर लिहिलेल्या वॅटची बेरीज करावी, २३० ने भागावे, आणि येणारा प्रवाह आपल्या तारेला व बटणाला झेपेल का, हे जाणत्या वायरमनला विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे.

आणि शेवटी आपले शरीर. कॅव्हेंडिशने ज्याचे यंत्र केले तेच हे. कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो. पण अंग ओले असले की तो हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १,०००, म्हणजे सुमारे पाव अँपिअर. एका लहानशा दिव्यालाही जो प्रवाह फार नाही, त्याच्या निम्म्यानेही हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. अभ्यंगस्नानाच्या पहाटे ओल्या हाताने माळेचे बटण दाबू नये, हे आपण मुलांना दटावून सांगतो; का, ते या भागाकाराने सांगावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या वस्त्यांची वीज तोडली गेली, तेव्हा अंधारात बसावे लागले म्हणून पुष्कळजण चरफडले. तो अंधार ज्यांना हा भागाकार येत होता त्यांनी केला होता, आणि त्याने जीव वाचले.

शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, त्याच कारकिर्दीत, १९१७ मध्ये, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. मला त्या एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. धरणाने वीज दिली. ती वीज घरात आणि मळ्यात सुखरूप नांदावी म्हणून लागणारा गुणाकार-भागाकार शाळेने द्यावयाचा आहे. एक काम दगडमातीचे होते, ते उशिरा का होईना, पुरे झाले. दुसरे दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांबरोबर पुन्हा पायापासून सुरू होते.